तोंडावरचा पहारा

त्या वर्षीही उपवासकाळात मी मटणच सोडणार होतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्या मंडळीत जो तो काहीतरी सोडतो. कुणी चहा सोडतं, कुणी गोड. तरुण मुलं मोबाइलवरचे गेम सोडतात आणि दोन दिवसांनी परत धरतात. मी मटण सोडतो. त्यात मला फारसा त्रास होत नाही, कारण मासे सोडलेले नसतात आणि नेरूळच्या बाजारात सुरमई चांगली मिळते.

बुधवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी अरण्यातल्या परीक्षेवर उपदेश केला. प्रभू येशू उपाशी आहे आणि सैतान येऊन म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी करून टाक. पाळकसाहेब वयाने माझ्या पुतण्याएवढे, पण सांगायची हातोटी चांगली. ते म्हणाले, "प्रभूने सैतानाशी वाद घातला नाही, हे लक्षात घ्या. दर वेळी शास्त्रातलं एक वचन सांगितलं आणि विषय संपवला. आपण काय करतो? मोहाला घरात घेतो, खुर्ची देतो, चर्चा करतो. चर्चेत तो आपल्याला ऐकायचा नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि शास्त्र त्यालाही पाठ आहे. तेव्हा जपून."

मला उपदेश आवडला. घरी येताना रिक्षात बायकोला तसं सांगितलं. घरी आल्यावर मी चपला काढत होतो, तेव्हा ती म्हणाली, "या वर्षी तुम्ही मटण खा."

"म्हणजे?"

"मी करून घालते दर रविवारी. तुम्ही दुसऱ्यांबद्दल बोलणं सोडा."

मी एक चप्पल पायात आणि एक हातात असा उभा राहिलो. तिला म्हटलं, मी काय वाईट बोलतो का कुणाबद्दल? ती म्हणाली, "वाईट नाही बोलत. पण बोलता. आपल्या सोसायटीत कोणाचा मुलगा नापास झाला हे त्या मुलाच्या बापाआधी तुम्हाला कळतं."

त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

मी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे. न्हावा शेव्याला जहाजातून उतरलेले कंटेनर आमच्याकडे येतात, त्यांची कागदपत्रं जुळवून आम्ही ते पुढे सोडतो. सकाळी कंपनीची बस नेरूळहून आम्हाला घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. बसमध्ये माझ्या शेजारी माझा मित्र बसायचा. मूळचा कराडकडचा, नोकरीला माझ्याआधी लागलेला, त्या वर्षी निवृत्तीला आलेला. आमच्या सीटवर यार्डातल्या, सोसायटीतल्या आणि नातेवाइकांतल्या सगळ्या बातम्या यायच्या. काल कोण कुणाशी भांडलं, कुणाची सून माहेरी गेली, कुणी केसांना कलप लावायला सुरुवात केली. बेलापूरच्या सिग्नलपर्यंत सोसायटी, तिथून पुढे यार्ड. कुणाचं नुकसान व्हावं अशी आमची इच्छा नसे. उलट ज्यांच्याबद्दल बोलायचो त्यांच्याविषयी आम्हाला आपुलकीच वाटायची.

आमचा सर्वांत आवडता विषय म्हणजे आमचे मॅनेजरसाहेब. हा माणूस हसत नसे. चहाच्या टपरीवर कधी येत नसे. गुड मॉर्निंग म्हटलं तर मान हलवायचा, तीही एकदाच. मित्राने त्यांचं नाव 'सील' ठेवलं होतं. कंटेनरच्या दाराला जे सील लावतात ते कापल्याशिवाय आतलं काही दिसत नाही, म्हणून.

तर बायकोचं ऐकून मी जिभेचा उपवास धरला. खरं सांगायचं तर मटणाच्या आशेने धरला. पण धरल्यावर वाटलं, आता धरलाच आहे तर नीट करू. लहानपणी नगरला रविवारच्या शाळेत वचनांच्या पाठांतरात मी पुढे असायचो. त्यातली जिभेवरची वचनं आठवून ठेवली. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात जिभेवर एक मोठा भाग आहे. एवढंसं सुकाणू केवढं मोठं जहाज वळवतं, तशी जीभ, असं तो सांगतो. आणि स्तोत्रांत दावीद देवाला विनवतो की माझ्या तोंडावर पहारा बसव, ओठांचं दार सांभाळ. मला ही कल्पना फार पसंत पडली. आमच्या यार्डाच्या गेटवर वॉचमन असतो तसा एक ओठांवर.

पहिल्या दिवशी बसमध्ये मित्राने सुरुवात केली, "कालचं कळलं का, अकाउंटवाल्याचं?"

मी म्हटलं, "आपण दुसरं काहीतरी बोलू."

"का? तब्येत बरी न्हाई का?"

मी त्याला उपवासाचं सांगितलं. तो म्हणाला, "ईस्टर कधी हाय?"

मी सांगितलं. त्याने बोटांवर आठवडे मोजले आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. बस खाडीच्या पुलावरून गेली, ट्रेलरच्या रांगेत अडकली, सुटली. यार्डाच्या गेटवर उतरताना तो एवढंच म्हणाला, "आमच्यात निर्जळी एकादशी असती. ती बरी म्हणायची."

सुरुवातीचे दिवस सोपे गेले. आम्ही क्रिकेटवर बोललो, गुडघ्यांवर बोललो. एकदा मी त्याला याकोबाचं सुकाणू समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सुकाणू एवढंसं नसतं. तू जवळनं बघितलंय का कधी? आपल्या यार्डाचं गेट असतं ना, तेवढं असतं." मी म्हटलं, तेव्हाची जहाजं लहान होती. तो म्हणाला, "मग जीभही लहान असंल."

असं चाललं होतं, आणि मग तो रविवार आला.

कोपरखैरण्याला माझी मेव्हणी राहते. जेवायला गेलो होतो. बायको बहिणीकडे थांबली आणि दुपारी मी एकटाच स्कूटरवरून परत निघालो. तुर्भ्याला मागचं चाक बसलं. रस्त्याच्या कडेला पंक्चरवाला होता, त्याच्याकडे गाडी दिली आणि टायरच्या ढिगावर बसलो. ऊन मी म्हणत होतं. इतक्यात शेजारच्या वस्तीतून वरात आली. पुढे पोरंपोरी नाचत होती, मध्ये बँड, मागे घोड्यावर नवरदेव. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि वरातीला त्याचं काही पडलेलं नव्हतं.

बँडवाल्यांचे लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, डोक्यावर तुरा लावलेली टोपी. सगळ्यांत पुढे एक उंच माणूस क्लॅरिनेट वाजवत होता. काय वाजवत होता! मला संगीतातलं फार कळत नाही, पण पंक्चरवालासुद्धा हातातली ट्यूब तशीच धरून बघायला लागला. एक सूर तो असा लांबवायचा की नाचणारी पोरं हात वर करून थांबून राहायची, आणि तो सूर सोडला की सगळी एकदम उसळायची. घामाने त्याचा चष्मा खाली घसरत होता. हात मोकळे नाहीत म्हणून तो खांदा उचलून चष्मा वर ढकलत होता.

ती सवय मी ओळखली. फायली दोन्ही हातांत असल्या की आमचे मॅनेजरसाहेब असाच खांद्याने चष्मा वर सारतात.

मला आधी वाटलं, भाऊ असेल. जुळा असेल. वरात अगदी समोर आली आणि कडवं संपल्यावर त्या माणसाने क्लॅरिनेट ओठांवरून काढलं आणि ताशावाल्याकडे बघून हसला. साहेबांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी मान वळवली आणि टायरच्या ढिगावर बसलेला मी त्यांना दिसलो.

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. ढोलाने ठेका सुरू केला होता, क्लॅरिनेटने उचलायची वेळ झाली होती, आणि साहेब उभेच. मागच्या ट्रंपेटवाल्याने त्यांना कोपर मारलं. तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि वरात पुढे गेली.

स्कूटर तयार झाली, मी घरी आलो. वाटेत नेमकं कशाचं भान नव्हतं ते सांगता येत नाही, पण सानपाड्याला वळायचं ते मी सरळ गेलो. एवढी मोठी बातमी माझ्या आयुष्यात आली नव्हती. सीलबंद साहेब, लाल कोट, सोनेरी झालर, तुरा. आणि ती माझ्याकडे, एकट्याकडे, आणि तीही उपवासकाळात. मला देवाचा थोडा रागही आला. मटण सोडलं असतं तर त्याने माझ्यापुढे एखादी प्लेट ठेवली असती. हे म्हणजे त्याने सगळा बकरा आणून उभा केला होता.

सोमवारी बसमध्ये चढलो तेव्हा जिभेवर पहिलं वाक्य तयार होतं. ते मी रात्री मनातल्या मनात घासूनपुसून ठेवलं होतं: "कोट कुठल्या रंगाचा असेल, सांग." मित्र नेहमीसारखा सरकून बसला. "काय विशेष?" म्हणाला. मी दाविदाचा पहारेकरी हाक मारून बोलावला. मनात ते स्तोत्र म्हणायला लागलो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि संपलं की परत सुरुवातीपासून. एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. वचन मनात चालू असलं की जिभेला दुसरं काही बोलता येत नाही, खडीसाखर तोंडात असल्यासारखं. मोह गेला नाही. तो बेलापूरपासून गव्हाण फाट्यापर्यंत माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. पण तोंड बंद राहिलं.

"ओठ का हलतायत तुझं?" मित्राने विचारलं.

"प्रार्थना करतोय."

"एवढी? घरी सगळं ठीक हाय ना?"

यार्डात साहेब त्या आठवड्यात आमच्या विभागातून सारखे फेऱ्या मारत होते. दारात येऊन उभे राहायचे, सगळ्यांचे चेहरे बघायचे, जायचे. कुणी कशावरही हसलं की त्यांचे खांदे ताठ व्हायचे. मी मान खाली घालून कागद जुळवायचो. मित्राच्या नजरेतून हे सुटलं नाही. "सीलचं काय तरी बिनसलंय," तो बसमध्ये म्हणाला, "आणि तुझंबी बिनसलंय. दोघांचं एकाच सोमवारपासनं. तुज्याकडं काय तरी हाय."

मी म्हटलं, "असलं तरी ते कुलपात आहे."

"हे कुठल्या पत्रात लिवलंय?"

"हे माझंच आहे."

पण मित्र परवडला. खरी परीक्षा घरी झाली. ईस्टरच्या आठवडाभर आधी झावळ्यांचा रविवार येतो, त्याच्या आधीची गोष्ट. बायको भेंडी चिरत होती, मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "तुमच्या पोटात काहीतरी आहे."

"ॲसिडिटी."

"ती नाही. तुर्भ्याहून आलात त्या दिवसापासून तुम्ही मधेच स्वतःशी हसता. काल मटण वाढलं तर किती शिट्ट्या केल्या तेही विचारलं नाहीत. काय पाहिलंत तिथे?"

मी म्हटलं, उपवास आहे. तूच दिलेला. ती म्हणाली, तो बाहेरच्यांसाठी. मी पेपरात डोकं घातलं. सुरी थोडा वेळ चालू राहिली. मग थांबली.

"लग्नानंतर दोघं एकदेह होतात, असं शास्त्रातच आहे ना? पहिल्या पुस्तकातच आहे. म्हणजे मला सांगितलंत तर तुम्ही स्वतःशीच बोललात. त्यात उपवास कुठे मोडतो?"

मी पेपर खाली केला आणि तिच्याकडे पाहिलं. मला पाळकसाहेबांचं ते शेवटचं वाक्य आठवलं आणि हसू आवरेना. तिला कळेना काय झालं. मग मी सांगितलं, शास्त्र त्यालाही पाठ आहे म्हणाले होते ते. तिला आधी राग आला, मग तीही हसायला लागली, आणि डोळे पुसत म्हणाली, "सैतान म्हणालात तुम्ही मला. हे मी बहिणीला सांगणार."

"सांग. तुझा कुठे उपवास आहे."

तरी दोन दिवस तिने मला भेंडीच खायला घातली.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधी साहेबांनी मला यार्डात बोलावलं. एका कंटेनरचा नंबर बघायचा आहे म्हणाले. आम्ही दोन रांगांच्या मधून चालत गेलो. दोन्ही बाजूंना चार-चार कंटेनर एकावर एक, मध्ये सावलीची पट्टी, आणि लांब कुठेतरी क्रेनचा भोंगा. कंटेनरपाशी पोचल्यावर त्यांनी नंबराकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"नाही, साहेब."

"घरी?"

"नाही."

"का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? माझा स्वभाव तसा नाही असं म्हणावं तर माझा स्वभाव त्यांना माहीत होता. सगळ्या यार्डाला माहीत होता. मी खरं सांगून टाकलं. उपवासकाळ, बायको, मटण, सुकाणू, पहारा, सगळं. साहेबांनी मधे एकदाही मान हलवली नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, "हा उपवास संपतो कधी?"

"येत्या रविवारी."

"म्हणजे सोमवारी तुम्ही मोकळे."

"तसं म्हटलं तर, हो."

त्यांनी खांद्याने चष्मा वर केला, हातात काही नसताना. "बरं. सांगितलंत ते बरं झालं," म्हणाले आणि एकटेच परत गेले. पाठमोरे जाताना मला ते तुर्भ्याच्या त्या माणसापेक्षा बरेच बुटके वाटले.

त्या संध्याकाळपासून मला चैन पडेना. इतके दिवस मी उपवास पाळत होतो. साहेबांचं गुपित पाळत नव्हतो. दोन्ही एकच आहे असं मी धरून चाललो होतो, आणि साहेबांनी एका प्रश्नात दोन्ही वेगळं केलं. उत्तम शुक्रवारची उपासना झाल्यावर पाळकसाहेब त्यांच्या स्कूटरला किक मारत होते, तिथे मी त्यांना गाठलं. नाव न घेता विचारलं की समजा एखाद्याने दुसऱ्यांबद्दल बोलणं सोडलं असेल, तर ईस्टरनंतर त्याने काय करावं?

"काका, मटण सोडलं असतं तर ईस्टरला मटण खायचं," ते म्हणाले. "तुम्ही माणसं खायची सोडलीत. ईस्टरला काय, माणसं खाणार?"

किक बसली आणि ते गेले. मी तिथेच उभा. माणसं खाणं असा विचार मी कधी केला नव्हता. आम्हाला तर त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायची.

ईस्टरला पहाटे उपासना झाली, सगळ्यांनी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, घरी बिर्याणी झाली. सोमवारी बस आली. मित्राने माझ्यासाठी खिडकीची जागा सोडली होती. गेल्या कित्येक वर्षांत त्याने ती कधी सोडली नव्हती.

"सुटला उपवास," तो म्हणाला. "आता वाढ."

मी खिडकीपाशी बसलो. बस निघाली. त्याचा चेहरा बघून मला भरून आलं. इतके आठवडे हा माणूस गुडघ्यांवर बोलत माझ्यासाठी थांबला होता. आता त्याला फक्त एक वाक्य द्यायचं होतं, आणि ते वाक्य अजूनही जिभेवर होतं, तसंच ताजं. पुढे काय होईल तेही मला दिसत होतं. तो दोन्ही हातांनी पुढची सीट धरेल, डोळे मोठे करेल, कोट कसला, टोपी कसली, सगळं दोन-दोनदा विचारेल. त्या आनंदाची सर दुसऱ्या कशाला नव्हती. आणि मग जेवणाच्या सुट्टीत साहेब कॉरिडॉरमधून जातील तेव्हा कुणीतरी तोंडाने पिपाणी वाजवेल. तेही दिसत होतं.

या वेळी मी स्तोत्र म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, प्रभू, आज उपवास नाहीये, तरी पहारेकरी पाठव.

"काही नाही रे," मी मित्राला म्हणालो. "खरंच सांगण्यासारखं काही नाही."

"म्हंजे हाय," तो म्हणाला, "पर मला न्हाई." आणि उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो मागच्या सीटवर जाऊन बसला. आठवडाभर बसला. त्या आठवड्यात मला जेवढं वाईट वाटलं तेवढं उपवासात कधी वाटलं नव्हतं. वचन पाळल्यावर बरं वाटतं असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. ते थोडं उशिरा वाटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांच्या केबिनमध्ये मी स्वतःहून गेलो. दार लावून म्हटलं, "साहेब, मोकळा झालो, पण सांगणार नाही. आताही नाही आणि नंतरही नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. मग बेल दाबून दोन चहा मागवले. आमच्या यार्डाच्या इतिहासात असं घडल्याचं मला माहीत नव्हतं. चहा आणणारा माणूसही आपण चुकून आलो असं समजून दारात थांबला.

साहेबांनी सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांचे वडील बँड चालवायचे. साहेब लहानपणापासून त्यात वाजवायचे, त्यावरच घर चाललं आणि साहेबांचं शिक्षण झालं. पहिल्या नोकरीत कुणालातरी ते कळलं. तेव्हापासून तिथे त्यांना नावाने कुणी हाक मारली नाही, सगळे पिपाणीच म्हणायचे, शेवटी शिपाईसुद्धा. ती नोकरी त्यांनी सोडली. इथे आले तेव्हा ठरवलं, हसायचं नाही, बोलायचं नाही, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. वडील गेले, बँड आता चुलतभाऊ चालवतो, आणि लग्नसराईत वाजवणारा कमी पडला की साहेब जातात.

"कमी पडला नाही तरी जातो," चहा संपवताना ते म्हणाले. "तिथे मला बरं वाटतं."

मी म्हटलं, "साहेब, तो लांब सूर तुम्ही धरला होतात ना, तेव्हा पंक्चरवाल्याने काम थांबवलं होतं."

"खरंच?" ते म्हणाले, आणि मला दुसऱ्यांदा त्यांचे दात दिसले.

मित्र हळूहळू पुढच्या सीटवर परत आला. आम्ही आंब्यांवर बोललो, त्याच्या गावाकडच्या घरावर बोललो. इतकी वर्षं शेजारी बसून त्याच्या घराच्या मागे विहीर आहे आणि तिच्यात तो पोहायला शिकला, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या बातम्यांमधून आमचा नंबरच लागला नव्हता.

मे महिन्याच्या शेवटी तो निवृत्त झाला. यार्डाच्या कँटीनमध्ये कार्यक्रम ठेवला. घरचे लोकही बोलावले होते, त्यामुळे माझी बायको आली होती. हार झाले, शाल झाली, भाषणं झाली. सगळ्यात शेवटी साहेब उठले. आम्हाला वाटलं, दोन वाक्यं बोलतील आणि बसतील. ते काहीच बोलले नाहीत. खुर्चीखालून एक काळी पेटी काढली, तिच्यातून तुकडे काढून जोडले, आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं.

मुलगी सासरी निघताना बँडवाले जी धून वाजवतात ती त्यांनी वाजवली. हार घातलेला माझा मित्र शाल सावरत बसला होता, नवरीसारखा, आणि आधी कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना. तो लांब सूर आला तेव्हा मित्राने शालीचा पदर डोळ्यांना लावला. कँटीनमध्ये चमचा वाजत नव्हता. वाजवून झाल्यावर साहेबांनी सांगितलं, "माझे वडील बँडमास्तर होते. मी त्यांच्याकडे शिकलो." एवढंच सांगून बसले. टाळ्या मात्र बराच वेळ थांबल्या नाहीत.

समोसे खाताना मित्र माझ्याकडे आला. डोळे अजून लाल होते. "बघितलंस? सीलच्या आत काय होतं ते बघितलंस? आणि आपल्याला पत्ता न्हाई."

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

"तुला?"

"मार्च महिन्यापासून. तुर्भ्याला पाहिलं होतं."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाला, "थापा मारू नको लेका. तुला माहीत असतं तर त्याच दिवशी बेलापूरच्या आत मला कळलं असतं."

मी साक्षीदार म्हणून साहेबांकडे बघितलं. ते लांब, चहाच्या टेबलाशी, चार-पाच जणांच्या घोळक्यात उभे होते आणि कुणालातरी क्लॅरिनेट हातात देऊन कुठे फुंकायचं ते दाखवत होते. त्यांना तिथून बोलावणं मला बरं वाटलं नाही.

परत येताना आम्ही रिक्षा केली. वाटेत बायको म्हणाली, "हेच होतं का? तुर्भ्याचं?"

"हेच."

"एवढंच?" ती जरा निराश झाली होती. "मला वाटलं, कुणाचं तरी काहीतरी असेल."

बाहेर खाडीवर ऊन उतरत होतं आणि पुलावर ट्रेलर एकामागे एक उभे होते. तिने पर्समधला रुमाल काढून चेहरा पुसला, पदर नीट केला.

"चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "पण काय हो, सगळ्यांच्या घरची मंडळी आली होती. साहेबांची बायको का नाही आली?"

ते मला खरंच माहीत नव्हतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा लवकर घे.